अर्ध्या अश्वशक्तीची दाढ

पाण्याचा दाब या विषयात मला कोणी काही शिकवू नये! चौतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत. कुठला नळ धो धो वाहणार आणि कुठला नुसता खोकून गप्प बसणार, हे मी तोटीला कान लावून सांगत असे. त्यामुळे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जेव्हा मला विचारलं, "काका, पाण्याच्या धारेने दातांच्या फटी साफ करायचं एक मशीन मिळतं, वॉटर फ्लॉसर. तुम्हाला जमेल ना वापरायला?" तेव्हा मला हसू आलं. म्हणजे येणार होतं. पण तोंडात त्यांचा आरसा, एक आकडा आणि थुंकी ओढणारी नळी एवढा ऐवज असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही.

प्रश्न एका दाढेचा होता. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी.

"हिरडी दाढेपासून सुटली आहे," त्या म्हणाल्या. "फटीत अन्न अडकतं, हिरडी सुजते, रक्त येतं. सहा आठवडे देते तुम्हाला. ब्रश तर कराच, शिवाय रोज हे मशीन. सुधारलं तर दाढ राहील. नाही तर काढावी लागेल."

काढावी लागेल! वय वर्षं अडुसष्ट, आणि माझे बत्तीसच्या बत्तीस दात माझे स्वतःचे! आमच्या इमारतीत ज्याला हे ठाऊक नाही तो एक तर काल राहायला आलेला असेल किंवा ठार बहिरा. जिन्यात कोणी गालाला हात लावून उभा दिसला की मी थांबून, सहानुभूती दाखवून, मग आऽ करून दाखवत असे. विशेषतः रेडिओकाकांना.

रेडिओकाका आमच्या बरोबर खालच्या घरात राहतात. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले म्हणून हे नाव. त्यांना वर-खाली दोन्ही कवळ्या आहेत. "काका, तुमचे दात पेल्यात झोपतात, माझे माझ्याबरोबर," असं मी त्यांना आठवड्यातून एकदा तरी म्हणत असे. त्यांना ते फारसं आवडत नसे. का, कोण जाणे.

आणि आमच्यात आणखी एक जुनं प्रकरण होतं. आमच्या इमारतीला सकाळी सात ते पावणेआठ एवढा वेळच पाणी येतं. दोन वर्षांपूर्वी रेडिओकाकांनी नळाला गुपचूप मोटर लावून सगळ्यांच्या वाटचं पाणी ओढायला सुरुवात केली होती. इमारतीच्या पाणी समितीचा अध्यक्ष मी. मी त्यांना रंगेहाथ पकडलं, मोटर काढायला लावली आणि वर नियम लिहिला: "विजेवर चालणारे व पाण्याचा दाब वाढवणारे कोणतेही यंत्र, लहान असो वा मोठे, इमारतीत चालणार नाही. पाण्याच्या वेळेत समिती कोणाच्याही घरात पूर्वसूचनेशिवाय तपासणी करू शकेल." नियम कसा हवा? सुईसुद्धा निसटता कामा नये!

तर, या माणसाला माझी दाढ डळमळीत असल्याचं कळणं शक्यच नव्हतं. मी बायकोला बजावलं, "मशीनचं कोणाला सांगायचं नाही."

"का? चोरून आणलंय?"

"अगं, इमारतीत माझी बत्तीस दातांचा माणूस म्हणून ओळख आहे!"

"इमारतीत तुमची वेगळी ओळख आहे," ती म्हणाली. "जाऊ दे, मला कशाला बोलायला लावता."

मशीन आलं. पेल्याएवढी टाकी, तिच्यातून निघालेली लवचीक नळी, नळीच्या टोकाला चोच. चोचीच्या मुठीवर दाबाची चकती, दहा पायऱ्यांची. सोबत छोटं पुस्तक. त्यात पहिलंच वाक्य, "सुरुवात एक नंबरने करा." आता मला सांगा, चौतीस वर्षं मी नव्या पाइपलाइनी धुतल्या. नवी लाइन धुताना आम्ही कधी हळूच विचारलं का, की बाई गं, येऊ का? पूर्ण दाब! मी चकती दहावर नेली, आरशासमोर ताठ उभा राहिलो, आऽ केलं आणि बटण दाबलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. पहिली धार टाळूला लागली आणि मी दचकून चोच बाहेर काढली, एवढं नक्की. त्यानंतर ती नळी पकडलेल्या सापासारखी वळवळायला लागली. आरसा धुतला. दिवा धुतला. माझा डावा कान आतून धुतला. टॉवेल, कपाटातली औषधं, खुंटीवरचा कोरडा पायजमा, एकही वस्तू सुटली नाही! आणि दाढ मात्र ठणठणीत कोरडी.

बाहेरून दार वाजलं. "अहो, आंघोळ करताय की दात घासताय?"

"दात!"

"मग दाराखालून पाणी का येतंय?"

मी दार उघडलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग पुस्तक उचलून वाचायला सुरुवात केली. "बेसिनवर वाकायचं. चोच आधी तोंडात, मग बटण. ओठ जवळजवळ मिटायचे. पाणी आपोआप बेसिनमध्ये गळू द्यायचं. इथे चित्रसुद्धा आहे."

"चित्रं बघून काम करणाऱ्यांतला मी नाही."

"ते दिसतंय. पायजमा बदला."

दुसऱ्या दिवसापासून मी एक नंबरवर आलो. बेसिनवर वाकून, ओठ मिटून, तोंडातून पाणी गाळत उभा राहिलो की एखाद्या बागेतलं बिघडलेलं कारंजं दिसावं तसा दिसे. पण काम होत होतं! आठवड्यात हिरडीची सूज उतरली. मी खूश झालो. सकाळी चहा झाला की सव्वासात ते सात सतरा, दोन मिनिटं, घड्याळ लावून. त्यात काही चूक आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सव्वासात म्हणजे ऐन पाण्याची वेळ!

एके सकाळी रेडिओकाका जिन्यात भेटले.

"साहेब, तुमच्या बाथरूममध्ये रोज सकाळी कसला आवाज येतो हो?"

"कसला?"

"घर्रर्र. सव्वासात ते सात सतरा."

मी पटकन म्हणालो, "दाढी करायचं मशीन आहे."

रेडिओकाका माझ्याकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर तीस वर्षांची दाढी आहे. पांढरीशुभ्र, चार बोटं लांब.

"गुळगुळीत होते अगदी," ते म्हणाले आणि खाली उतरले.

त्याच दुपारी त्यांनी माझ्या बायकोलाही विचारलं. मी काय सांगितलंय याची तिला कल्पना नव्हती. गुपित ठेवायचं एवढंच तिला माहीत. ती म्हणाली, "मिक्सर आहे."

"बाथरूममध्ये?"

"हो. तिथे जागा मोकळी असते."

हे तिने मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "अगं, बाथरूममध्ये मिक्सर?"

"आणि तुमची दाढी? एवढी हजामत करून उरली होय ती?"

मग मी आवाज दाबायला मशीनला टॉवेल गुंडाळला. इथेच घात झाला!

कारण नेमकं त्याच आठवड्यात इमारतीचं पाणी कमी झालं. वरच्या मजल्यावर तर बादलीसुद्धा भरेना. वरच्या मजल्यावर राहतात चिटणीसबाई. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, इमारतीच्या चिटणीस, आणि हातात नोंदवही नसेल तर त्यांना जिना उतरता येत नाही. त्यांनी फलकावर सूचना लावली: "इमारतीत कोणीतरी मोटर लावल्याचा संशय आहे. पाणी समितीच्या अध्यक्षांनी तातडीने शोध घ्यावा."

अध्यक्ष कोण? मी!

शोध घेणं भाग होतं. दोन दिवस मी हातात बॅटरी घेऊन घराघरांत फिरलो. लोकांच्या बेसिनखाली वाकलो, बादल्यांमागे डोकावलो, एका आजींच्या शिवणयंत्राचीसुद्धा चौकशी केली. माझा नियम झाल्यावर मोटर लावायची कोणाची छाती नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी इतक्या कडक चेहऱ्याने फिरत होतो की दोघा-तिघांनी न केलेल्या गोष्टी कबूल केल्या. शेवटी मी अहवाल दिला, "मोटर आढळली नाही."

"एक घर राहिलं," रेडिओकाका शांतपणे म्हणाले.

"कोणतं?"

"अहवाल लिहिणाऱ्याचं."

चिटणीसबाईंचा पेन थांबला.

"अर्ध्या अश्वशक्तीची आहे," रेडिओकाका म्हणाले. "गेल्या बुधवारपासून तिच्यावर काहीतरी गुंडाळलंय. आवाज घुसमटतोय. चाळीस वर्षं आवाजच ऐकलेत मी."

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण समोर दोन्ही कवळ्या चमकत होत्या. मी म्हणालो, "हा माझा अपमान आहे!" आणि ताडताड जिना चढून घरी आलो.

रविवारी सव्वासातला मी नेहमीसारखा बेसिनवर वाकलो होतो. चोच दाढेला टेकली होती. तेवढ्यात बेल वाजली आणि पाठोपाठ बायकोचा आवाज ऐकू आला. इतका गोड आवाज मी लग्नातही ऐकला नव्हता.

"या ना, या! आत आहेत. चालूच आहे."

बाथरूमचं दार ढकललं गेलं. समोर चिटणीसबाई, हातात उघडी नोंदवही. मागे रेडिओकाका, कानामागे तळहात धरून. मी दचकलो आणि खुलासा करायला तोंड उघडलं. तोंड उघडल्यावर चोच बाहेर आली. चोच बाहेर आल्यावर जे होतं ते मी वर सांगितलंच आहे. फरक एवढाच, की आता समोर माणसं होती! आणि दचकताना माझा अंगठा दाबाच्या चकतीवरून कितीवर घसरला, ते मला आजही सांगता येणार नाही.

धार आधी नोंदवहीवर बसली. निळी शाई ओघळून चिटणीसबाईंच्या पांढऱ्या साडीवर उतरली. मग धार रेडिओकाकांच्या चष्म्यावर गेली. मी बटण शोधत होतो, पण बटण टॉवेलच्या आत!

"बघा दाब!" रेडिओकाका चष्मा न पुसताच ओरडले. "सरकारी नळाला असतो असा दाब?"

"ही मोटर नाही!" मी ओरडलो. "हे... हे दातांचं आहे!"

धार थांबली. टाकीतलं पाणी संपलं होतं. बाथरूममध्ये फक्त टप टप आवाज.

"दातांचं?" रेडिओकाकांनी हळूच विचारलं. "कोणाच्या?"

मी चोच पुसू लागलो.

"यांच्याच," बायको म्हणाली. "दाढ हलायच्या बेतात आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे दिलेत."

रेडिओकाकांचा चेहरा एखादा जुना रेडिओ अचानक लागावा तसा उजळला. "अरे अरे अरे! कोणती हो साहेब?"

माणुसकीला धरून प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण चिटणीसबाई ओल्या वहीची पानं सुटी करत म्हणाल्या, "मग पाणी कुठे जातंय?"

सगळी वरात तळमजल्यावर गेली. रस्त्यावरून येणाऱ्या मोठ्या पाइपला आमच्याकडे एक जाळी बसवलेली आहे, गाळ अडवायला. ती माझ्याच हट्टाने बसवली होती. रेडिओकाकांनी झाकण फिरवून ती उपसली. जाळी कसली, चिखलाची वडी! पाणी यायला एक भोक शिल्लक नव्हतं.

"ही कोण धुतं?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"कधी?"

"रोज सकाळी. साधारण... सव्वासातला."

"शेवटची कधी धुतली?"

मी मनात हिशोब केला. मशीन आलं त्याच्या आदल्या दिवशी. तीन आठवडे मी एका फटीतला गाळ काढत होतो आणि अख्ख्या इमारतीचा गाळ साचत होता!

चिटणीसबाईंनी ओल्या वहीतला त्यातल्या त्यात कोरडा कोपरा शोधून लिहिलं. मग माझाच नियम मला वाचून दाखवला. विजेवर चालतं? चालतं. पाण्याचा दाब वाढवतं? चष्म्याला विचारा. लहान असो वा मोठे? लहान आहे. "जप्त," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, दाढ जाईल माझी! अजून तीन आठवडे आहेत. हिरडी नुकती सुधारतेय!"

"नियम तुमचा आहे."

"मी तो मोटरसाठी लिहिला होता!"

"तसं लिहायचं होतं मग. कोणतेही यंत्र, असं का लिहिलंत?"

चौतीस वर्षं लोकांना मी हेच उत्तर देत आलो होतो. समोरून ऐकायला ते इतकं वाईट लागतं, याची मला कल्पना नव्हती.

शेवटी तोडगा निघाला. मशीन तळमजल्यावरच्या समितीच्या खोलीत कुलपात राहील. पाण्याची वेळ टळल्यावर, म्हणजे रोज दहा वाजता, मी तिथल्या बेसिनवर ते वापरीन. समितीच्या एका सदस्यासमोर. सदस्य कोण? माझी अध्यक्षपदाची जागा रिकामी झाली होती, तिच्यावर एकमताने निवडून आलेले रेडिओकाका!

ते तीन आठवडे मी कसे काढले, माझं मला ठाऊक. मी तोंडात चोच घालून वाकलेलो, ओठांतून पाणी गळतंय, आणि शेजारी खुर्ची टाकून रेडिओकाका घड्याळ बघतायत.

"वरची रांग राहिली, साहेब."

"ऊं."

"बटण बंद करू नका मध्येच. आवाज तुटतो."

"ऊं ऊं!"

"आमचं बरं आहे बुवा. काढायचे, नळाखाली धरायचे, घालायचे. मोटर नको, समिती नको."

खोलीची खिडकी जिन्याकडे उघडते. आल्यागेल्याने डोकावायचं ठरलेलंच. "काका, आज किती नंबरवर?" "सुधारतेय का हो?" "एकदा दाखवा ना, आऽ करून!" एका काकूंनी तर पाहुणे आणून दाखवले. मी काही बोलू शकत नव्हतो, कारण बोललो की धार उडते. चौथ्या दिवशी चिटणीसबाईंनी दारामागे हजेरीचा कागद लावला: तारीख, वेळ, दाब, अध्यक्षांची सही. शेरा या रकान्यात रेडिओकाका रोज काहीतरी लिहायचे. "आज डावीकडे घाई केली." "टाळूला लागले, दचकले." एका दिवशी नुसतंच, "प्रगती आहे."

घरी येऊन मी बायकोपुढे धुमसत असे. "शेरा लिहितो! मला! तोंडात एक दात नाही स्वतःचा, आणि मला शेरा!"

"चुकलं काय त्यात? घाई करताच तुम्ही."

पण एक दिवस चुकवला नाही मी. दाढेसाठी! बत्तिसासाठी!

आणि सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत मी छाती पुढे काढून बसलो, म्हणजे त्या खुर्चीत जेवढी निघते तेवढी. बायको कोपऱ्यात, पर्स मांडीवर घेऊन. डॉक्टरीणबाईंनी आकडा हिरडीत घातला. एकदा. दोनदा. मग मान वर केली.

"काका! रक्ताचा थेंब नाही! हिरडी घट्ट बसली आहे! हे तुम्ही घरी केलंत?"

"अंशतः घरी," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मदतनीस मुलीला बोलावून माझी हिरडी दाखवली. "हे बघ, असं व्हायला हवं." ती मुलगी इतक्या कौतुकाने वाकली की मला आणखी मोठा आऽ करावासा वाटला. रेडिओकाकांना जिन्यात गाठून काय म्हणायचं, त्याचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयारही झालं.

"आता जरा यावर चावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि एक रबरी काडी दाढेवर ठेवली.

मी चावलो. आणि खुर्चीवरून दीड वीत वर उडालो!

त्यांनी भुवया जवळ आणल्या. फोटो काढला. पडद्यावर माझी दाढ देवळाच्या कळसासारखी उभी होती, आणि तिच्या मधोमध, वरपासून मुळापर्यंत, एक बारीक काळी रेघ.

"उभी चिरली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ही नाही ठेवता येणार, काका."

"पण हिरडी?"

"हिरडी उत्तम आहे. हिरडीला काहीच झालेलं नाही."

सहा आठवडे. हजेरीचा कागद. अठरा शेरे!

"काही कडक चावलंत का?"

"नाही."

"मग रागात दातावर दात आवळून ठेवता का हो? खूप वेळ असं दाबून धरलं की दाढ चिरू शकते. गेल्या काही दिवसांत फार चिडचिड झाली का?"

कोपऱ्यातून बायकोच्या पर्सची चेन उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. ती हसू दाबते तेव्हा असंच करते.

"मी?" मी म्हणालो. "मी मुळीच चिडत नाही!"

डॉक्टरीणबाई माझ्या जबड्याकडे बघत होत्या. ती मदतनीस मुलगीही बघत होती.

"हेच वाक्य पुन्हा म्हणा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण या वेळी दात वेगळे ठेवून."

सराव चालू आहे. एकतीस दातांनी.